मागील आसनाचा पंचनामा

ता. ४ मार्च

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी पास (वर्गात पहिला), धंदा न्यायालयाच्या दारात पुकारा करणारा शिपाई, सध्या निवृत्त, राहणार स्वतःच्या घरी, सत्य स्मरून लिहून देतो ते असे. माझे नाव तुझ्या नवऱ्याच्या नावाच्या लगेच मागे लागते. तेथे पाहून घ्यावे.

हे सर्व मी फोनवर का बोलत नाही, असे चिरंजीव विचारतील. फोनवर बोललेले पुराव्यात धरता येत नाही. परवा मी त्यांना फोनवर विचारले, "गाडीचे काय झाले?" ते म्हणाले, "बघतोय." उद्या तेच म्हणतील की, मी असे म्हणालोच नव्हतो. कागद शब्द फिरवत नाही.

आता हकीकत. तुझ्या सासूबाई हिवाळ्याच्या सुरुवातीस गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तुमच्याकडे आल्या. गुडघा नवा बसला, टाके निघाले, काठीही सुटली. तरी त्या अद्याप तेथेच आहेत. कारण असे सांगण्यात आले की, नवी गाडी घ्यायची आहे, ती आली की तीतून आणून सोडतो. ठीक. मग गाडी कोठे आहे? थंडी सरली, दुपारी पंखा लावावा लागतो, आणि मी येथे एकटा स्वतःच्या हाताने भाजी करपवीत आहे.

मी निरोप पाठवला की, केव्हा येणार? उलट निरोप आला, "घाई नाही." हे शब्द त्यांचे नव्हेत. साक्षीदार पढवलेला असला की त्याचे उत्तर लवकर येते आणि फार लहान येते. असली उत्तरे मी दाराशी उभा राहून पुष्कळ ऐकली आहेत.

शिवाय चिरंजीवांनी गाडीचे चित्र पाठवले, ते पाहून माझे डोके फिरले. लांब, बसकी, मागे वेगळी डिकी काढलेली. तिला सेडान म्हणतात. या गाडीचे छत मागे उतरत जाते, म्हणजे बसणाऱ्याने आधी मान वाकवावी, मग कंबर, आणि मग स्वतःला खाली सोडून द्यावे. तीत माणूस बसत नाही, पडतो. उठताना कोण उठवणार, तुझा नवरा? चित्रात मागील आसनावर एक बाई बसली आहे आणि हसत आहे. तिचे दोन्ही गुडघे जन्मतःचे आहेत.

बसण्याची व्यवस्था नेहमीप्रमाणेच राहील. मी पुढे, चालकाच्या शेजारी. मागील संपूर्ण आसन तुझ्या सासूबाईंस. त्यात मी वाटेकरी होणार नाही. बायकोची एवढी सोय आमच्या रस्त्यावर दुसऱ्या कोणी केली असेल तर मला दाखवावा. तेव्हा गाडी पाहणे म्हणजे मागील आसन पाहणे. बाकी पत्रा.

उत्तर कागदावर यावे.

---

ता. ११ मार्च

ती. बाबांना नमस्कार.

कागदावर उत्तर हवं म्हणालात, म्हणून ऑफिसातल्या प्रिंटरचे चार कोरे कागद उचलून आणलेत. हेही पुराव्यात धरू नका.

तुमचे चिरंजीव "बघतोय" म्हणाले, ते खरंच बघतायत. ते जन्मभर बघतच आलेत. गाडी मी घेतेय बाबा, माझ्या पगारातून, आणि चालवणारही मीच. गाडी शिकायला गेले होते तेव्हा ह्यांनी शिकवणाऱ्यासकट गाडी गटारात घातली होती. हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

सेडानचं म्हणाल, तर मागे बसायला तीच सगळ्यात आरामाची असं जो तो सांगतो. पाय पसरायला जागा असते, खड्ड्यात कमी आदळते, डिकी वेगळी असल्यामुळे सामानाचा खडखडाट कानाशी येत नाही. हॅचबॅक आखूड, गल्लीबोळात झकास वळते, पण तिचं मागचं दार अरुंद. आणि उंच एसयूव्ही घेतली तर आईंना चढायला शिडी लागेल की काय, अशी मला भीती. तिन्हींत मी स्वतः मागे बसून पाहिलंय. चित्रं बघून ठरवायला मी काही तुमचा मुलगा नाही.

"घाई नाही" हे आईंचेच शब्द. मी त्या वेळी भांडी लावत होते, पढवायला सवड कुठली? त्या इथे मजेत आहेत. आमच्या शेजारची शिवणक्लासवाली त्यांना आपल्या छोट्या गाडीतून व्यायामाला नेते. दोघी सिग्नलला थांबल्या की येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवतात आणि घरी येऊन मला नकला करून दाखवतात.

बाबा, एक विचारू? तुम्ही आईंना विचारलंत का? मी जास्त लिहीत नाही, ते मी लिहिणं बरं दिसणार नाही. पण मागच्या सीटचा एवढा घोर लावून घेऊ नका. तिची एवढी गरज नाही.

---

ता. २३ मार्च

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी उभे राहून वाचले.

"मागच्या सीटची एवढी गरज नाही." या वाक्याचा अर्थ चौथी पास माणसालाही कळतो. ज्या बाईस परत आणायचेच नाही तिला आसन कशाला? तुम्हास घरात फुकट माणूस मिळाले आहे, हे मी समजलो. आणि ही शिवणक्लासवाली कोण? माझ्या घरी तुझ्या सासूबाईंनी कधी कोणास नाव ठेवले नाही, की कोणाची नक्कल केली नाही. तेथे त्यांस बिघडवण्याचे काम पद्धतशीर चालू आहे.

तू चालवणार, हे मला मान्य आहे असे समजू नये. मी शेजारी बसेन व रस्त्यावर लक्ष ठेवीन.

तुमच्या मेहेरबानीची वाट न पाहता काल मी स्वतः गाड्यांच्या दुकानात जाऊन मागील आसनांचा पंचनामा केला. सोबत माझे मित्र होते. ते न्यायालयाच्या पायरीवर बसून लोकांचे अर्ज टंकलिखित करून देत, म्हणून त्यांस सगळे खटखट म्हणतात. उंची आणि वजन यांत ते तुझ्या सासूबाईंशी जुळतात. गुडघा मात्र त्यांचा जुना व उत्तम आहे, म्हणून त्यांच्या पायास मांडीपासून पोटरीपर्यंत लाकडी पट्टी लावून तो पंचांसमक्ष घट्ट बांधला. पंच म्हणून माझ्या घरासमोरचा न्हावी आणि दुकानाचा पहारेकरी घेतले. पहारेकऱ्यास सही येते, हे आधी पाहून घेतले.

सेडान. खटखट तीत मागे बसले नाहीत, घसरले. डोके छतास लागले. पाय पसरण्यास जागा भरपूर होती हे मी नाकारत नाही, कारण ते पूर्ण आडवेच झाले होते. तेथून ओरडले, "अरे, मला उठवा! नाहीतर यंत्र आणून द्या, मृत्युपत्र इथेच टाइप करतो!" उठवण्यास तीन माणसे लागली.

हॅचबॅक. दार पुरते उघडत नाही. बांधलेला पाय आधी आत घालावा तर धड बाहेर राहते. धड आधी घालावे तर पाय वाटेवर. न्हाव्याने मागून ढकलले. दुकानातील मुलगी हसली. तिचे हसणे पंचनाम्यात नोंदवले आहे.

उंच गाडी. हिच्यात दोन प्रकार आहेत. एक अवाढव्य, जिच्यात चढण्याचा विचार खटखट यांनी पाहताक्षणीच सोडून दिला. दुसरा मध्यम. हिचे आसन बरोबर कमरेशी येते. चढावे लागत नाही, पडावे लागत नाही, पाठ टेकवून नुसते सरकावे. गादी गुडघ्यापर्यंत पुरते, पाठ किंचित कलते, मध्ये हात टेकण्यास घडीची उशी आहे, मागच्यांसाठी थंड वाऱ्याच्या वेगळ्या झडपा आहेत. खटखट आत गेले ते बाहेर येईनात. म्हणाले, "तुमच्या बायकोचं राहू द्या, मलाच ठेवा इथे."

इतक्यात दुकानाचा साहेब आला. "आजोबा, गाडी घ्यायची आहे का?"

मी म्हणालो, "घेणार माझी सून आहे. मी तपास करीत आहे."

"कसला तपास?"

"आसनाचा. आपण मध्ये बोलू नये, पंचनामा चालू आहे."

त्याने पट्टीच्या टोकामुळे गादीवर ओरखडा आल्याचा कांगावा केला. मी सांगितले की, ओरखडा आधीचा आहे. पंचांनी तसे लिहून दिले. पहारेकऱ्याने सही करताना थोडे आढेवेढे घेतले, कारण त्याचा साहेब त्याच्याकडे पाहत होता. मग साहेबाने गाडी घेणाऱ्याचा फोन नंबर मागितला, तेव्हा तुझा दिला.

तेव्हा आता वाद संपला. मध्यम उंचीची गाडी घ्यावी व तुझ्या सासूबाईंस मागील आसनावर नीट बसवून एप्रिलच्या मध्यापर्यंत आणून पोचवावे. न पोचवल्यास मी बसने येऊन त्यांस घेऊन जाईन, आणि त्या वेळी मी काय बोलेन याची हमी देत नाही.

---

ता. ३० मार्च

ती. बाबांना नमस्कार.

शोरूमवाल्याचा फोन मला भर मीटिंगमध्ये आला. "मॅडम, पायाला फळी बांधलेले गृहस्थ तुमचे कोण?" मी म्हटलं, "सासूबाईंच्या जागी आहेत." ओरखड्याचं मी मिटवलंय. कसं ते विचारू नका. आणि फुकट माणूस मिळालं म्हणालात, ते मी वाचलं नाही असं समजते, नाहीतर मलाही चार कागद पुरायचे नाहीत.

मध्यम उंचीचीच गाडी बुक केली. सेडान मला आवडली होती, पण खटखटकाकांना उठवायला तीन माणसं लागली म्हटल्यावर माझंही अवसान गेलं. तेवढं श्रेय तुमचं.

तुमचा पंचनामा मी आईंना मोठ्याने वाचून दाखवला. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग शेवटचा भाग ऐकला आणि डोळे पुसले. म्हणाल्या, "दे गं एक कागद." सोबत त्यांचं पत्र आहे. मी वाचलेलं नाही. (थोडंसं वाचलं.)

---

(सोबतचे पत्र)

अहो,

पंचनामा ऐकला. खटखटभावजींचा पाय सोडलात ना? त्यांना माझा नमस्कार सांगा. माझ्यासाठी असं बांधून घेणारं दुसरं कोणी भेटलं नव्हतं.

पण तुम्ही त्यांना उभ्या गाडीत बसवलंत. उभ्या गाडीत मी कुठेही बसेन. नुसतं बसायला मला घरात खाट आहे. गाडी चालायला लागली की काय होतं, ते तुमच्या पंचनाम्यात नाही.

मागे बसलं की मला मळमळतं. हे आजचं नाही. तुमच्या भावाच्या लग्नाला गेलो तेव्हा, मुलाला वसतिगृहात सोडायला गेलो तेव्हा, माझी आई गेली आणि आपण भाड्याच्या गाडीने पळत गेलो तेव्हाही. दर खेपेला पिशवी माझ्या मुठीत. आईच्या दारात उतरले ती तोंड धुवायला पाणी मागत उतरले. लोकांना वाटलं रडून अशी झाली. तुम्ही पुढून म्हणायचात, "मनाचे खेळ आहेत. दृष्टी समोर ठेव."

समोर काय होतं? तुमच्या डोक्याची मागची बाजू. तिचा पंचनामा मी झोपेतसुद्धा देईन. उजव्या कानामागे तीळ. शेंडीच्या जागी एक केस, कधीच न बसणारा. मानेवर डावीकडे एक बट, न्हावी दर वेळी सोडतो ती. रस्ता असा मी पाहिलेलाच नाही. घाट संपला हे मला तुमच्या मानेवरून कळायचं, ती सैल पडायची.

इथे शिवणक्लासवालीने पहिल्या दिवशी पुढचं दार उघडलं, कारण तिच्या गाडीत मागे कापडाचे गठ्ठे असतात. मी म्हटलं, "अगंबाई, पुढे कशी बसू?" ती म्हणाली, "बूड टेकवून." बसले. मुठीत पिशवी धरून बसले. ती कोरीच्या कोरी घरी परत आली. दुसऱ्या दिवशी नेलीच नाही. आता ती वळायच्या आधी मला कळतं की ती वळणार. एवढंच काय ते. एवढ्यासाठी मी इतकी वर्षं ओकत होते.

"घाई नाही" म्हणाले ती मीच. मला कोणी पढवलं नाही. मी सातवी पास आहे. हे तुम्ही कधी कुणाला सांगत नाही.

मी पुढे बसणार, सूनबाईच्या शेजारी. तुम्ही मागे. एवढं चांगलं आसन शोधलंत, तर बसा. मान्य असेल तर कळवा, गाडी निघेल. नसेल तर नवा गुडघा इथेही चालतोच आहे.

---

ता. ६ एप्रिल

अर्जदार पत्नी यांस.

आपला अर्ज मिळाला. तो फेटाळण्यात येत आहे.

अर्ज मुदतबाह्य आहे. मळमळ लग्नापासूनची आणि तक्रार आजची. इतक्या वर्षांत अर्जदाराने एकदाही असे म्हटले नाही की, मला पुढे बसावयाचे आहे. ती मुकाट्याने मागे बसली. मुकाट्याने बसण्यास संमती म्हणतात, हे आपल्या सातवीत शिकवले असेलच.

आणि पुढील आसन ही माझी चैन आहे असा जो सूर आपण लावला आहे, त्याचा मला संताप आला आहे. उभ्या नोकरीत मला दाराबाहेर एक स्टूल होते, तेही साहेब दिसताच सोडून उभे राहावे लागे. आत सर्वांना जागा होती. वकिलांस खुर्च्या, लोकांस बाके. आरोपीलादेखील धरण्यास कठडा होता. मला धरण्यास काही नव्हते. दुसऱ्यांची नावे ओरडावी आणि पाय बदलावा, ही नोकरी. गाडीत चालकाच्या शेजारी बसलो म्हणजे तेवढा प्रवास मला कोणी ऊठ म्हणत नसे. आयुष्यात तेवढी एक जागा मला होती. ती आपण मागत आहात. खाट मागितली असती, घर मागितले असते, दिले असते.

शिवाय समोर न्हावी आहे, कोपऱ्यावर पेपरवाला आहे. पुढे सासू आणि सून, आणि मागे मी गाठोड्यासारखा, ही मिरवणूक मी त्यांस दाखवणार नाही.

मानेवरील बटेचा उल्लेख अनावश्यक होता. तरी न्हाव्यास विचारले. त्याने कबूल केले की, तेथे भोवरा असल्यामुळे वस्तरा नीट फिरत नाही, म्हणून सोडतो. हे त्याने मला आजवर सांगितले नाही. त्याच्याशी माझे बोलणे बंद आहे.

आपणास राहावयाचे तेथे राहावे.

---

ता. १३ एप्रिल

अहो,

मुकाट्याने बसले नव्हते. तोंड उघडलं की ओकारी यायची, म्हणून मिटून बसले होते. तुम्ही वळून पाहिलं असतं तर फरक कळला असता.

तुमची जागा मी मागतेय हे खरं आहे. ते स्टूल मला माहीत आहे. तुमच्या पायांना रोज रात्री तेल कोणी चोळलं? पण बाहेर ज्यांनी तुम्हाला ऊठ म्हटलं त्यांच्यावर तुम्ही कधी रागावला नाहीत. माझ्यावर रागावता.

दारात उभं राहून तुम्ही साऱ्या गावाच्या तक्रारी पुकारल्यात. माझं नाव त्यात कधी आलं नाही. माझं एकदा पुकारा. मी हजर होईन.

---

ता. २२ एप्रिल

अर्जदार पत्नी यांस.

आपल्या पत्रानंतर काही दिवस मी उत्तर देणार नव्हतो. आपण हे ध्यानात घ्यावे की, मी अद्याप रागावलेलो आहे.

तथापि आज सकाळी घराच्या दारात उभे राहून रीतीप्रमाणे तीन वेळा पुकारा केला. आपले नाव मी मोठ्याने कधी घेतलेले नसल्यामुळे पहिल्या खेपेस आवाज लागला नाही. दुसऱ्या खेपेस बरा लागला. तिसऱ्या खेपेस तो कोपऱ्यापर्यंत गेला. पेपरवाल्याने सायकल थांबवली. न्हावी हातात वस्तरा घेऊन बाहेर आला आणि "कोण हो ही?" असे विचारू लागला. बोलणे बंद असल्यामुळे त्यास उत्तर दिले नाही.

अर्जदार गैरहजर. पुढील तारीख येता रविवार. गाडीसह हजर राहावे. जागेचा निकाल जागेवर दिला जाईल.

---

ता. ५ मे

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

पुढील जबाब गाडी बनवणाऱ्या मंडळींकडे मालक या नात्याने तू पाठवावा. एकही शब्द गाळू नये किंवा मऊ करू नये.

मी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण व धंदा पूर्वी लिहिल्याप्रमाणे, लिहून देतो की, रविवारी सकाळी सदर गाडी माझ्या दाराशी आली. पुढे दोन बायका होत्या. मी नेहमीप्रमाणे, काही विचार न करता, चालकाच्या शेजारच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. आतील बाई उतरली नाही. तिने काच खाली केली आणि म्हणाली, "अहो, ते दार नव्हे."

रस्त्यावर न्हावी होता, पेपरवाला होता, आणि गाडी पाहण्यास आलेले खटखट होते. दाराशी उभे राहण्यात मी आयुष्य काढले आहे, तेव्हा मला उभे राहता येते. मी संध्याकाळपर्यंत उभा राहिलो असतो. आतून कोणी घाई केली नाही. कोणी रागावले नाही. ऊठ म्हणाले नाही, की बस म्हणाले नाही. बाई गुडघ्यावर हात ठेवून माझ्याकडे पाहत होती. तिची मूठ उघडी होती. तीत पिशवी नव्हती, हे मला दिसले.

तेव्हा मी मागील दार उघडले व मागील आसनाचा ताबा घेतला. खटखट यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्याशीही बोलणे बंद केले आहे. त्यानंतर "चला, जरा घाटापर्यंत जाऊन येऊ" असे तुम्ही दोघींनी मला न विचारता ठरवले.

त्या प्रवासात आढळले ते असे. जे आसन मी स्वतः तपासून, पंच बसवून, उत्तम ठरवले होते, ते उभ्या गाडीत उत्तमच आहे. गाडी हलताच ते लबाडी सुरू करते. पुढील आसनाची डोके टेकण्याची उशी नेमकी डोळ्यांच्या आड येते. बाजूची काच मागे वर चढत जाते, त्यामुळे मागच्यास झाडाचे बूड दिसत नाही, शेंडा दिसतो, आणि विजेच्या तारा. वळण येणार हे पुढच्यांस डोळ्यांनी कळते, मागच्यास पोटाने. थंड वाऱ्याच्या झडपा तोंडावर वारा सोडतात, तोंडास सुटलेले पाणी त्याने थांबत नाही.

पहिल्या वळणावर मी काही बोललो नाही. न बोलण्याचे कारण अर्जदाराने आपल्या पत्रात दिलेलेच आहे, ते मला तंतोतंत लागू पडले. दुसऱ्या वळणावर पुढून एक हात मागे आला. त्या हातात पिशवी होती. म्हणजे ती सोबत आणलेली होती, फक्त तिच्यासाठी आणलेली नव्हती. तिसऱ्या वळणावर काय झाले ते लिहिणे उचित नाही. तू गाडी कडेला घेतलीस, याबद्दल आरोप नाही. गाडी तू बरी चालवतेस, हे तुझ्या माहितीसाठी, कंपनीला कळवण्याची गरज नाही.

पुढून सांगण्यात आले, "दृष्टी समोर ठेवा."

समोर तिच्या डोक्याची मागची बाजू होती. केस सर्व पांढरे झाले आहेत. ते केव्हा झाले, याची नोंद माझ्याकडे नाही. गाडी घाटाच्या माथ्यावर पोचली, हे मला तिच्या मानेवरून कळले. ती जरा पुढे झाली होती, आणि दरीकडे बोट दाखवून तुला काहीतरी सांगत हसत होती.

ज्या माणसाने ही गाडी बांधली तो स्वतः मागे कधी बसलेला नाही, हे मी शपथेवर सांगतो. त्याने पुढे बसून, रस्ता पाहत, हवा खात, मागच्यास काय आराम हवा हे ठरवले. मागच्यास विचारण्याची त्यास गरज भासली नाही. गादी जाड केली, हाताखाली उशी दिली, आणि समजला की आपले काम झाले. अशा माणसास माफ करू नये. त्यास एकदा या आसनावर बसवून घाट चढवावा, आणि वाटेत त्याने तोंड उघडल्यास सांगावे की, मनाचे खेळ आहेत.

गुडघ्याच्या पुढील तपासणीस तुझ्या सासूबाईंस तुमच्याकडे आणावयाचे आहे. मी सोबत येईन. बसण्याची व्यवस्था रविवारी होती तीच राहील. पिशव्या मी आणीन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतःस मोठ्याने वाचून दाखवला, आणि तो खरा असल्यामुळे खाली सही करतो. त्या वेळी हजर असलेले साक्षीदार येणेप्रमाणे:

सून. चाक हाती असल्यामुळे तिने जे पाहिले ते आरशात पाहिले.

न्हावी. गाडी सुटताना व परत येताना दुकानाच्या पायरीवर. बोलणे बंद असल्यामुळे कागद त्याच्या दाराखालून सरकवून सही घेतली.

पत्नी. पुढील आसनावर. तिने मागे वळून काही पाहिले नाही. ती रस्ता पाहत होती.